टिकली लावलेली बॅटरी

बॅटरी भरलेली आणि सायकल मेलेली! आता याला काय म्हणायचं?

उंबरमाळच्या घाटात, ऐन चढावर, परवीनताईंची सायकल अशीच बंद पडली. परवीनताई मुलाणी म्हणजे गावच्या नर्सबाई. मागच्या पेटीत बर्फावर ठेवलेली लस, वर दवाखान्याच्या ओट्यावर आयांच्या कडेवर किरकिरणारी पोरं, आणि सायकल काही जागची हलेना. मीटर मात्र खुशाल सांगत होता, ऐंशी टक्के! ताईंनी ती जड सायकल भर उन्हात ढकलत वर आणली. तोवर पेटीतल्या बर्फाचं पाणी झालं होतं. तापलेली लस टोचत नाहीत, टाकून द्यावी लागते. सगळी पोरं तशीच घरी गेली.

गावभर एकच चर्चा. आणि त्या चर्चेत एक मुलगी खाली मान घालून उभी होती. केतकी शेलार.

आता उंबरमाळची एक गंमत सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही. पेट्रोलची एखादी उरलीसुरली जुनी गाडी दिसली की पोरं नवल म्हणून मागे धावत, त्या काळातलं हे गाव. घरोघरी विजेवरची सायकल. पण सायकल ज्याची त्याची, बॅटरी मात्र गावाची! पायथ्याच्या नाक्यावर एक मांडणी होती. वापरलेली बॅटरी तिथे ठेवायची, भरलेली उचलायची आणि चालू पडायचं. राखणीला एक यंत्रमानव होता. जागचा हलत नाही म्हणून गावाने त्याचं नाव ठेवलं होतं ठोंब्या. त्या सगळ्या बॅटऱ्या बनवल्या होत्या केतकीच्या आजोबांनी. विश्राम अण्णा मोठ्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. निवृत्त झाले, गावी आले आणि हा उद्योग मांडून बसले.

केतकीला तेरावं लागलं तेव्हा तिलाही सायकल मिळाली. "मोटर पाचशे वॉटची घे. आपला चढ तेवढ्यात आरामात निघतो," अण्णा म्हणाले होते. (वॉट म्हणजे मोटर दर क्षणाला किती काम उरकते त्याचं माप.) पण वर्गातली पोरं तिला 'कासव, कासव' म्हणून चिडवायची. मग बाईसाहेबांनी काय केलं? वाढदिवसाला मिळालेले पैसे घेतले, तालुक्याच्या दुकानात गेल्या आणि चक्क दीड हजार वॉटची मोटर बसवून आल्या. वर जुनंच झाकण लावलं. कुणाला पत्ता लागेल तर शपथ!

मग काय, घाटात केतकीच्या पुढे जाईल अशी कुणाची टाप नव्हती. सगळ्यांत नवी बॅटरी सगळ्यांत जोरात ओढते, हेही तिच्या लक्षात आलं. ती पटकन सापडावी म्हणून तिने बॅटरीच्या पोटाला एक हिरवी टिकली चिकटवली. गेले काही महिने रोज तीच बॅटरी. वर पोचल्यावर ती इतकी तापलेली असायची की केतकी ओढणी गुंडाळून ती बाहेर काढायची. मग ती चढावर दगा द्यायला लागली, तशी केतकीने ती मांडणीवर सोडून दुसरी उचलली.

त्या दिवशी ताईंच्या हाती लागली ती नेमकी हीच.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी ती बॅटरी पडवीतल्या टेबलावर घेतली. "ये गं केतके, हात लाव जरा," त्यांनी नेहमीसारखी हाक मारली. केतकी नाइलाजाने गेली. अण्णांनी आधी ठोंब्याला फोनवर विचारलं, "ही बॅटरी कोण कोण नेतं रे?"

"मी बॅटऱ्या मोजतो, माणसं मोजत नाही. तुम्हीच तसं सांगितलं होतं," ठोंब्या म्हणाला.

"बरोबर आहे बाबा. आपल्याच माणसांवर कसली पाळत ठेवायची!" अण्णा हसले. केतकीला मात्र धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

अण्णांनी बॅटरीला एक छोटा दिवा जोडला. दिवा झकास लागला. मग त्यांनी मोटर जोडली आणि तिच्या चाकाला ब्रेक लावून ठेवला, म्हणजे चढावर लागतो तसा जोर लागावा. दाब दाखवणाऱ्या मीटरचा काटा धाडकन खाली आला आणि खट्! सगळं बंद.

"कळलं?" अण्णा म्हणाले. "गच्चीवरची टाकी भरलेली आहे, पण पाइपात क्षार साचलेत असं समज. एक नळ बारीक सोडला तर पाणी नीट येतं. सगळे नळ एकदम सोड, दाब पडलाच! हिच्यात वीज आहे, पण आतला रोध (विजेला होणारा अडथळा) वाढलाय. चढावर मोटरने जास्त प्रवाह मागितला (प्रवाह म्हणजे दर क्षणाला किती वीज वाहते ते) की हिचा दाब कोसळतो. दाब कोसळला की आतलं रखवालदार सर्किट बॅटरी वाचवायला वीज तोडतं. सायकल उभी असते तेव्हा मीटरला यातलं काही दिसत नाही."

"रोध... कशाने वाढतो?" केतकीने विचारलं.

"उष्णतेने. थांब, दाखवतो."

त्यांनी एक बारीक तार ताणली, तिच्यावर मेणाचे ठिपके दिले आणि थोडा प्रवाह सोडला. मेण ढिम्म हललं नाही. मग प्रवाह तिप्पट केला. बघता बघता मेण वितळून टपटप गळायला लागलं.

"प्रवाह तिप्पट, तर उष्णता किती पट?"

"तिप्पट."

"सगळे इथेच फसतात! तिप्पट वीज वाहायला लागली, हा एक तिप्पट. आणि एवढी वीज त्या अडथळ्यातून ढकलायला दाबही तिप्पट खर्ची पडतो, हा दुसरा. तीन त्रिक?"

"नऊ," केतकी पुटपुटली. नऊपट! ओढणी गुंडाळूनही हाताला बसणारे चटके तिला आठवले. पाचशे वॉटला दहा अँपिअर प्रवाह लागतो, हे तिला पाठ होतं. दीड हजारला तीस. म्हणजे अण्णांनी मेणाचं केलं तेच तिने रोज घाटात बॅटरीचं केलं होतं.

"रखवालदार... तीसला तोडत नाही का?" तिने विचारलं.

"पस्तीसपर्यंत जाऊ देतो. कुणी आजारी असलं, घाईने न्यायचं असलं तर असू द्यावं म्हणून मीच ठेवलंय तसं. रोज कुणी एवढं ओढेल असं मनातही आलं नाही." अण्णांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आणि ओढणार कोण? गावात सगळ्या मोटरी पाचशेच्या. त्याने बॅटरी अशी भाजून निघत नाही. म्हणजे खोट माझ्याच कामात आहे. संध्याकाळी सभेत सांगून टाकतो, मांडणी बंद करा म्हणून. माझ्या चुकीपायी उद्या कुणाचा जीव जायला नको."

केतकीच्या ओठांवर आलं होतं. अगदी आलं होतं. पण बाहेर पडेना. लाज वाटली आणि ती तिथून पळाली, कोंबड्यांना दाणे टाकायचे आहेत म्हणून. दाणे सकाळीच टाकून झाले होते.

संध्याकाळी शाळेच्या पटांगणात सभा भरली. अण्णा उठले. गावाने ज्यांना कधी मान खाली घातलेलं पाहिलं नव्हतं, ते अण्णा हात जोडून म्हणाले, "मंडळी, माझं चुकलं..."

"नाही!" केतकी ओरडलीच. "अण्णांचं नाही, माझं चुकलं!"

मग तिने सगळं सांगितलं. मोटर, झाकण, टिकली, सगळं. कान तापले होते, नाक वाहत होतं, पुसायचंही सुचलं नाही. चिडवणारी पोरंसुद्धा जमिनीकडे बघत होती.

परवीनताई उठून तिच्यासमोर आल्या. "त्या आया पायपीट करून आल्या होत्या, केतकी. त्यांना परत पाठवताना मला काय वाटलं असेल गं?" "नवी लस येतेय. आणायला तू माझ्याबरोबर यायचंस," ताई म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

घरी जाताना अण्णा तिच्या पुढे पुढे चालत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं. दारात पोचल्यावर एवढंच म्हणाले, "मोटर काढ." तिने स्वतःच्या हाताने मोटर काढली आणि जुनी बसवली. पाना फिरवताना तिचं डोकं मात्र चालू होतं.

"अण्णा," ती घाबरत घाबरत म्हणाली, "ताईंच्या सायकलला दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी जोडल्या तर? समांतर? (म्हणजे दोघींची सारखी टोकं एकत्र जोडून भार वाटून द्यायचा.)"

अण्णांनी पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "मग काय होईल? तूच सांग."

"प्रत्येकीला प्रवाह निम्माच. म्हणून उष्णता... निम्म्याच्या निम्मी. पाव!"

"हं. जोडण्याआधी दोघी सारख्या भरलेल्या हव्यात. नाहीतर भरलेली दुसरीत धो-धो वीज ओतेल," अण्णा म्हणाले. "आणि मोटर?"

"पाचशेच. सायकलचा जोर वाढवायचा तर आधी बॅटरी बघायची, मोटर नंतर."

"हे मी तुला वाढदिवसाच्या आधीच सांगायला हवं होतं. नुसतं पाचशेची घे म्हणालो, का ते सांगितलंच नाही." अण्णांनी दुसरा पाना उचलला आणि तिच्याशेजारी बसले.

लस आणायच्या दिवशी ताई पुढे आणि केतकी मागे, अशा त्या घाट चढल्या. हळूहळू. मागून पोरं भरधाव पुढे गेली, पण आज 'कासव' कुणी म्हणालं नाही. म्हटलं असतं तरी चाललं असतं. सायकल बंद पडली होती त्या वळणावर केतकीने ताईंच्या चाकाकडे बघितलं, पण ताईंची सायकल न कुरकुरता पुढे गेली. वर पोचल्यावर तिने आधी दोन्ही बॅटऱ्यांवर तळहात ठेवला. कोमट! मग ताईंनी पेटी उघडली. बर्फ अजून बर्फच होता. थोड्याच वेळात ओट्यावर पहिल्या पोराने असा भोंगा पसरला की केतकीला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

आणि ती भाजलेली बॅटरी? तिला चढ झेपत नसला तरी दिव्यापुरता प्रवाह ती अजून मजेत देते. अण्णांनी ती दवाखान्याच्या दाराशी बसवली आहे. त्या उजेडात लोक पायरी बघून चढतात. तिथे बसवताना केतकीला बॅटरीच्या पोटावरची हिरवी टिकली दिसली. ती नखाने काढायला गेली, आणि मग तिनेच हात मागे घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "माझीच आहे."