यास्ना वुयानिचचा स्कोअर

राग अजून गेलेला नाही माझा, हे आधीच सांगते. तेव्हा मधे बोलू नका, ऐका.

आमच्या व्हर्शात्स गावातली मुलींची टेनिस स्पर्धा. माझी नेदा खेळत होती. ही मॅच जिंकली की तिची संघात जागा पक्की. मी नेहमीसारखी कुंपणाबाहेर फोनवर स्कोअरचं पान उघडून बसले होते. इथे एकेक पॉइंट दाबला की तिकडे सुबोतित्साला माझ्या बाबांना घरबसल्या दिसतो. बाकीचे पालकही तेच पान उघडून बसतात. समोर तियाना वुयानिच होती. मी आडनाव टाइप केलं, वर आलेल्या पहिल्याच नावावर बोट ठेवलं आणि पिशवीतून खायला बुरेक काढला. नाव नीट वाचलंच नाही.

ते यास्नाचं होतं. तियानाची थोरली, डावखुरी बहीण. गेल्या उन्हाळ्यात याच कोर्टावर कोसळली, ती उठलीच नाही. "बाबा, गरगरतंय" म्हणत होती, आणि बाप मिलोये कुंपणावरून ओरडत होता, "नाटकं पुरे! खेळ!" आम्ही सगळे ऐकत बसलो. आईबापांनी खेळात बोलायचं नाही असा नियम ना! तो फक्त आम्हीच पाळला.

आणि आज तोच माणूस, त्याच जागी, धाकटीला उभी करून! लाज कशी वाटत नाही हो?

नेदाने पहिला सेट घेतला. दुसऱ्यात पाच-एक झाले आणि वारा एकदम पडला. आमचा कोशावा सुटला की दिवसचे दिवस वाहतो, असा पडत नाही. कोर्ट कोरडं ठणठणीत, तरी ओल्या मातीचा वास यायला लागला. फोनवर पॉइंट पडला, यास्नाला. मी दाबलाच नव्हता! नाव तेव्हा दिसलं. बदलायला गेले, बदलेना. पुन्हा पॉइंट. आधी फोनवर, मग कोर्टावर. तियानाने रॅकेट डाव्या हातात घेतली होती.

पाच-चार झाले. बाजू बदलताना नेदा कुंपणापाशी आली. "आई... ती श्वासच घेत नाहीये गं..."

तेवढ्यात मिलोये आला, फोन माझ्या नाकासमोर नाचवत. "हा काय चावटपणा, रूझा? मेलेल्या पोरीचं नाव?"

"माझं बोट चुकलं. पण हे पॉइंट मी देत नाहीये. पोरीकडे बघ आधी! थांबव तिला!"

त्याने बघितलं. वाटलं, आता तरी घाबरेल. तर डोळे चमकले हो त्याचे! कुंपणाला चिकटून घोगऱ्या आवाजात म्हणाला, "शाबास, यास्ना... सोडू नकोस..."

माझं डोकंच फिरलं. जिवंत लेक पांढरीफटक पडलीय आणि हा मेलीला खेळवतोय! पंच चार कोर्टांना मिळून एकच, तो पार पलीकडे. मी फाटक ढकललं, आत घुसले, नेदाचा दंड धरला. "सोडली! आम्ही मॅच सोडली!"

"आई! मी जिंकत होते!" नेदा किंचाळली. अजून धड बोलत नाही माझ्याशी.

तियानाच्या हातून रॅकेट गळून पडली. ती मला बिलगली, अंग गारठलेलं. "काकू... संपली ना? मला आईकडे जायचंय." मिलोयेची बायको केव्हाच वेगळी राहायला गेली होती. मी पोरीला गाडीत घालून तिच्याकडे पोचवलं. मिलोये एकटाच कोर्टात उभा राहून मला शिव्या घालत होता.

परत निघाले तोच बाबांचा फोन. "रूझा, आपण मॅच सोडली म्हणालीस ना? मग तुझ्या पानावर ही दुसरी कुणाची चाललीय?"

पान उघडलं. वर यास्ना वुयानिच. खाली मिलोये वुयानिच. पहिला सेट सहा-शून्य, दुसरा पाच-शून्य.

मिलोयेला फोन लावला. त्याने उचलला. नुसती धाप ऐकू येत होती, आणि मागे चेंडूचे टप्पे.

"रूझा... गरगरतंय... तिला सांग ना, पुरे..."

फोन ठेवला आणि पान बघत बसले. दुसराही सहा-शून्य. दोन सेट घेतले की मॅच संपते.

तिसरा सुरू झाला.