नसते उद्योग

ती पहिल्यांदा कारखान्यात आली तेव्हा तिच्या खांद्यावर आमचीच शिडी होती. बाहेर पाऊस भुरभुरत होता. आधी शिडीचं टोक दारातून आत आलं, आणि मग बऱ्याच वेळानं ती. कपाळावरून पाणी ओघळत होतं. डाव्या कानाच्या पाळीला पिवळा रंग लागला होता.

माझ्या हातातला रंधा थांबला.

"मालक कोण?"

"दादा बाहेर गेलाय. मी धाकटा भाऊ."

"मग तुम्ही ऐका. तुमच्या शिडीचा एक पाय आखूड आहे."

मी शिडी आडवी केली, माप लावलं. दोन्ही पाय सारखे होते. तसं मी सांगितलं, आणि वर म्हणालो, "तुमच्याकडची जमीन वाकडी असेल, बाई."

"असेल ना... मग जमीन परत आणून देऊ का?"

पॉलिशवाली मावशी कोपऱ्यात फिसकन हसली. मलाही हसू येत होतं, पण गिऱ्हाइकासमोर हसायचं नाही असा दादाचा नियम होता.

ती दुकानांच्या पाट्या रंगवायची. दुकानं काही सपाटीवरच नसतात. कुठे उतार, कुठे पायऱ्या, कुठे गटाराची कड. शिडीच्या एका पायाखाली ती विटा ठेवायची. आदल्या दिवशी वीट सरकली होती.

"'औषधे' लिहायचं होतं. 'औष' लिहून खाली आले. दुकानदार विचारतो, औष म्हणजे काय?"

"लागलं का फार?"

"त्यानं नाही विचारलं. तुम्ही विचारलंत, बरं वाटलं." तिनं ओला हात पदराला पुसला. "एक पाय खाली-वर होणारी शिडी का नाही करत तुम्ही?"

"नाही करत."

"का पण?"

"आमच्या वडिलांच्या, आबांच्या वेळेपासून शिडी अशीच आहे."

"आबा सपाटीला राहायचे?"

"हो..."

"तरीच," ती म्हणाली, आणि शिडी तिथेच ठेवून निघून गेली.

तिला जाऊन आता आठ महिने झाले. लोक सांगतात, आठवणी उगाळू नका, त्रास होतो. होऊ दे. मला हे सांगायचंच आहे.

त्या काळी आमच्याकडे नऊ माणसं कामाला होती आणि दहाव्याची गरज पडेल असं कुणाला वाटत नव्हतं. एकाच तऱ्हेची शिडी, एकच हिरवा रंग. कुणी काही नवीन सुचवलं की दादाचं एकच वाक्य ठरलेलं असायचं: "नसते उद्योग करू नकोस." मी हे लहानपणापासून ऐकत होतो आणि "बरं दादा" म्हणत होतो. तरी त्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत मी तिच्या शिडीचा एक पाय कापला, त्याला खोबण केली, आत सरकती पट्टी बसवली. का केलं, ते मला माहीत होतं. मावशीलाही माहीत होतं.

"कानाला रंग लावलेली आवडली वाटतं," ती म्हणाली.

"मावशी, मी शिडीचं काम करतोय."

"कर की. मी कुठे म्हटलं रंगाचं करतोस?"

पुढे योग असा, की दादाला फाटकावर नवीन पाटी हवी होती. मी तिचं नाव सुचवलं. पाटी तीन दिवसांची होती. तिनं ती कित्येक आठवडे लांबवली: रोज एकच अक्षर काढायची आणि उरलेला वेळ आत येऊन आमची डोकी खायची. मिस्त्रीला विचारायची, तुम्ही मालक असता तर काय बदललं असतं? मावशीला विचारायची, शिडीवर चढल्यावर रंगाचा डबा कुठे ठेवायचा, दातात धरायचा? मिस्त्री तीस वर्षं कारखान्यात होता. त्याला असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. पहिल्या दिवशी तो चिडला. दुसऱ्या दिवशी घडीच्या शिडीत बोट चेमटणार नाही अशी बिजागरी कागदावर काढून घेऊन आला.

"आज कोणतं अक्षर?" मी विचारायचो.

"आज फक्त काना."

"नुसता काना? सबंध दिवस?"

"सरळ रेघ काढायला हिंमत लागते, शिडीवाले. तुम्हाला नाही कळायचं."

आणि अशी बघायची... की माझा रंधा वाकडा जायचा.

एका दुपारी दादानं खिडकीजवळच्या टेबलापाशी आम्हा तिघांना पकडलं. मी पट्टी घासत होतो, मिस्त्री बिजागरी ठोकत होता, मावशी तारेचा हूक वळवत होती.

"काय चाललंय? नसते उद्योग?"

आम्ही खाली बघितलं. ती मात्र दारात ब्रश घेऊन उभी होती. दुसऱ्या दिवशी ती एक छोटी पाटी करून घेऊन आली आणि त्या टेबलावर लटकवली. ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: नसते उद्योग.

दादा लाल झाला. "माझी टिंगल करता?"

"नाही हो दादा. नसते म्हणजे अजून नसलेले." ती अगदी शांतपणे म्हणाली. "आबांनी पहिली शिडी केली, तेव्हा तीही नसतीच होती. त्यांना कुणी अडवलं असतं तर तुम्ही आज कशावर चढला असता?"

दादानं वाकडी लटकलेली पाटी बोटानं सरळ केली. मग म्हणाला, "शनिवारी दुपारी. दोन तास. वर एक मिनिट नाही."

त्या दोन तासांची माणसं आठवडाभर वाट बघायला लागली. मावशीचा डबा अडकवायचा हूक आधी विकला गेला. रंगाऱ्यांनी शंभर मागितले, मग आणखी. मावशी आठवडाभर ताठ मानेनं फिरत होती. माझी शिडी मात्र अडली होती. सरकता पाय जागेवर धरायला लोखंडी खीळ हवी होती आणि लोहार सोमवारी देणार होता. तोवर मी लाकडाची खीळ घालून ठेवली. नुसतं बघायला. त्यावर 'कच्चं' अशी खूण करायला हवी होती. मी केली नाही. पट्टी नीट सरकते का ते ती वाकून बघत होती, तिची वेणी माझ्या मनगटावर आली होती... खूण राहून गेली.

मिस्त्रीनं प्रेमानं त्या शिडीला हिरवा रंग दिला. शनिवारीच एका नाट्यगृहाला दहा शिड्या जायच्या होत्या, नऊच भरल्या. रंग सारखाच, तेव्हा मिस्त्रीनं तीच दहावी म्हणून गाडीत चढवली.

रविवारी नाट्यगृहातला दिवेवाला त्या शिडीवर चढला. खीळ मोडली. पडद्यावर पडला म्हणून बचावला, मनगट मुरगळलं. मी जाऊन त्याची माफी मागितली आणि शिडी परत आणली. सोमवारी सकाळी दादानं सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"टेबल जळणात टाका. मिस्त्री, ती पाटी उतरव. आणि ती पाटीवाली..." त्यानं फाटकाकडे हात केला. ती शेवटच्या अक्षरावर काम करत होती. "तिला सांगा, उद्यापासून यायचं नाही."

"दादा, चूक माझी आहे," मी म्हणालो. "टेबलाची नाही. तिचीही नाही. कच्ची खीळ मी घातली."

"म्हणूनच म्हणतो, नसते उद्योग बंद. शिडी उचल, आत ठेव."

माणसं माझ्याकडे बघत होती. टेबल गेलं असतं तर त्यांनी पुन्हा कधी तोंड उघडलं नसतं, हे मला दिसत होतं. आणि ती गेली असती.

"नाही," मी म्हणालो.

अठ्ठावीस वर्षांत दादाला हा शब्द मी पहिल्यांदा ऐकवला. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

लोहाराकडून सकाळीच आणलेली खीळ खिशात होती. मी शिडी फाटकाजवळच्या पायऱ्यांवर नेली. एक पाय दुसऱ्या पायरीवर ठेवला, दुसरा ओढून जमिनीला टेकवला, खीळ घातली, भिंतीला शिडी लावली. ती ब्रश हातात घेऊनच धावत आली.

"धरू?"

"नको. धरलीत तर लोक म्हणतील, तुमच्यामुळे उभी राहिली."

"राहिलीच आहे माझ्यामुळे!"

मी वर चढलो. सगळ्यात वरच्या पायऱ्यांवर जाऊन दोनदा जोरात पाय आदळले. शिडी हलली नाही. पुन्हा भुरभुर सुरू झाली होती.

"उतर खाली!" दादा ओरडला.

"टेबल राहील म्हण."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर मी इथेच."

"अरे, जेवायचं काय?" मावशीनं काळजीनं विचारलं.

"डबा वर पाठवा, मावशी. तुमचा हूक आहे."

मिस्त्री हसला. दादासमोर, मोठ्यानं. मग बाकीचेही. दादाच्या रागाला आता उभं राहायला जागा उरली नाही, तरी तो हटला नाही. "टेबलाचं बघू. पण ही बाई इथे येणार नाही."

"नाही आली तर मी तिच्याकडे जाईन," मी वरून म्हणालो. "रोज जाईन. मला तिच्याशी लग्न करायचंय."

हे मी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. तिनं डोळ्यांत पाऊस जाऊ नये म्हणून कपाळावर हात धरला आणि वर बघितलं.

"हे आधी मला सांगायचं, की दादांना?"

"तुम्हालाच. पण... खाली असताना जमत नव्हतं."

"उतर."

"आधी उत्तर द्या."

"उतर आधी. एवढ्या उंचीवर हो म्हटलं तर पडशील तू!"

मी कसा उतरलो ते आठवत नाही. एवढं आठवतं, की खाली आलो तेव्हा दादा वाकून खीळ अंगठ्यानं चाचपत होता. आमच्याकडे न बघता तो म्हणाला, "बारीक आहे ही. एक सूत जाड कर. आणि पुढच्या वेळी कच्च्या मालावर खूण कर, गाढवा." मग आत गेला. टेबलाला कुणी हात लावला नाही.

त्या शिडीनं कारखाना वाढला. नऊची साठ माणसं झाली, मागची जागा घेतली. शनिवारचे दोन तास आजही आहेत. आता त्यात सगळ्यात जास्त भांडणारी माणसं मी मुद्दाम निवडून घेतो.

लग्नानंतर वहिनीनं तिला बाजूला घेऊन समजावलं, "अगं, चारचौघांत नवऱ्याला अहो म्हणावं."

"लग्नाआधी म्हटलं तेवढं पुरे झालं, वहिनी," ती म्हणाली.

तेवीस वर्षं ती मला तू म्हणाली. कामगारांसमोर, पाहुण्यांसमोर, डॉक्टरांसमोर. शेवटी शेवटी आवाज अगदी बारीक झाला होता. मी रात्रंदिवस तिच्या खाटेजवळ खुर्चीत बसून असायचो म्हणून ती रागवायची. "जेवलास का तू?" म्हणायची. नाही म्हटलं की तोंड फिरवून घ्यायची, आणि मी उठून जेवून यायचो.

दादा तिच्या आधीच गेला. आता कारखान्यात सगळे मला अहो म्हणतात.

गेल्या महिन्यात वहिनी आली होती. इकडचं तिकडचं बोलली, मग चाचरत म्हणाली, "भावोजी, अजून वय काही गेलं नाही तुमचं. कुणीतरी सोबतीला हवं. हक्कानं तू म्हणणारं..."

"वहिनी," मी म्हणालो, "तो शब्द ती घेऊन गेली. मी तो परत मागणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला देणारही नाही."