चंदनसारच्या बादल्या

चंदनसारच्या एका चार मजली इमारतीतून कचरा उचलला नसल्याची तक्रार आली, तेव्हा संपदा राऊतला त्यात काही नवल वाटलं नाही. पालिकेच्या आरोग्य खात्यात असे फोन घेणं हेच तिचं काम. विरार पूर्वेला इमारती उठत होत्या, गाड्या मात्र होत्या तेवढ्याच. तिने गाडीवाल्या ॲन्सेल्मला विचारलं. भुईगावचा ॲन्सेल्म कामाला चोख. तो म्हणाला, सकाळीच दारोदारच्या बादल्या रिकाम्या केल्या होत्या.

फोन मात्र रोजचा झाला. करणारी तिसऱ्या मजल्यावरची मेघना सामंत. भांडखोर नव्हती, नुसती हैराण झालेली. शेवटी संपदा स्वतःच गाडीबरोबर गेली. तिच्यादेखत बादल्या रिकाम्या झाल्या. मेघनाने आग्रहाने चहा दिला. चहा घेऊन दोघी दाराबाहेर आल्या, तर बादली काठोकाठ भरलेली. समोरच्या दारातलीही. जिन्यात पाऊल वाजलं नव्हतं.

संपदाने वाकून पाहिलं. शेवग्याच्या शेंगांचा चोथा, अंड्यांची टरफलं, फुटलेल्या निळ्या कपाचे तुकडे. कुजका वास नव्हताच. नुकत्याच उतरवलेल्या आमटीचा येत होता.

"हे आमचं नाही," मेघना म्हणाली. "शेवगा कित्येक दिवसांत आणला नाही. आणि हा कप..." ती आत जाऊन तसाच निळा कप घेऊन आली. धडधाकट. "बाकीचेही शाबूत आहेत."

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, तो तक्रारीचा नव्हता. शेजारच्या काकूंनी गावाहून आलेल्या शेंगा दिल्या होत्या. नवरा सिद्धेशच्या हातून कप निसटला होता. "तुकडे तस्सेच पडलेत, मॅडम. मी कालच पाहिले होते ते."

संपदाने योगायोग म्हणून सोडून दिलं. मग तळमजल्यावरच्या बादलीत औषधाच्या रिकाम्या पट्ट्या निघाल्या, आणि दुसऱ्या दिवशी तिथले आजोबा तापाने फणफणले. साहेबांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, कचरा उचलला जातोय ना, मग तक्रार निकालात काढा. इमारतीतल्या बायकांना तर हळूहळू त्याची सवयच झाली. सकाळी बादलीत डोकावून त्या एकमेकींना सांगायच्या, उद्या आपल्याकडे कोलंबी आहे वाटतं. संपदाला मात्र हसू येत नसे. आपण नेमकं कशाचं निवारण करतोय, हेच तिला उमगेनासं झालं होतं.

मग एका शनिवारी मेघनाचा उत्साहाने फोन आला. सुटलो, म्हणाली. गाडी येऊन गेली, आणि बादली भरलीच नाही. कुणाचीच नाही.

संपदाला हायसं वाटलं. पुढचा फोन तिने घेतला, पण 'कुणाचीच नाही' हे मेघनाचे शब्द डोक्यात घुमत राहिले, पलीकडचं बोलणं ऐकूच येईना. ती उठली आणि दुपारच्या फेरीला निघालेल्या ॲन्सेल्मच्या गाडीत बसली.

इमारतीच्या फाटकाला आंब्याचं तोरण लागलं होतं. माणसं बांबू घेऊन गच्चीकडे चालली होती. तिसऱ्या मजल्यावर मेघना दारात रांगोळी काढत होती.

"उद्या सगळे कुठे बाहेर जाताय का?" संपदाने विचारलं.

"छे! उद्या गच्चीवर सत्यनारायण आहे. अख्खी इमारत जेवायला. तुम्हीही या."

आत भिंतीशी पत्रावळींचे गठ्ठे रचून ठेवले होते. संपदा त्यांच्याकडे पाहत राहिली.

"मग त्या उष्ट्या पत्रावळी?" ती म्हणाली. "त्या आज दिसायला हव्या होत्या ना?"

मेघनाचा हात थांबला. चिमटीतून रांगोळी एकाच जागी सांडत राहिली.

"थांबलं असेल ते," ती म्हणाली.

"असेल. पण आज माहेरी जाता का? सगळ्यांनाच सांगू या."

"काय सांगू, मॅडम? बादली रिकामी आहे म्हणून?"



संपदा जिना उतरू लागली. प्रत्येक मजल्यावर बायका बादल्या घासत होत्या, धुऊन दाराशी पालथ्या घालत होत्या. पायऱ्यांवरून साबणाचं पाणी ओघळत होतं.

फाटकाशी ॲन्सेल्मने गाडी चालू केली.

"बरं झालं, मॅडम," तो म्हणाला. "आता इथं थांबायची गरज नाही, बायका म्हणतात."