उलटा भांग

शिडीवरून निळ्या रंगाचा एक थेंब सुटला आणि नेमका तिच्या मनगटावर पडला.

"अरेरे! हलू नका... आत्ता काढून देतो."

आवाजापाठोपाठ माणूस उतरला. कानामागे ब्रश, केसांत चुन्याचे ठिपके, हातात टर्पेंटाइनचं फडकं. वाचनालयाच्या भिंतीवर अक्षरं काढायला आलेला पेंटर. त्याने तिचा हात धरायला हात पुढे केला, आणि चटका बसावा तसा तिने आपला हात मागे ओढला.

"फडकं द्या. मी पुसते."

"एवढा भयंकर दिसतो का मी?"

"नाही... माझे हात ओले आहेत."

हात कोरडे ठणठणीत होते. त्याने ते पाहिलं. फडकं एका टोकाला धरून तिच्यापुढे केलं. थेंब पुरता निघाला नाहीच. त्या दिवसापासून तो तिला 'निळी' म्हणू लागला.

निळी कुणालाच हात देत नसे. शाळेत असताना एका मैत्रिणीने तिचे दोन्ही हात धरून गिरक्या घेता घेता विचारलं होतं, "तुझे बाबा काय करतात गं?" तिने सांगितलं. मैत्रिणीने हात सोडले आणि हळूच आपल्या फ्रॉकला पुसले. मैत्रीण पुढे विसरूनही गेली असेल. निळीला मात्र ते पुसणं अजून दिसायचं.

तिचे बाबा रुग्णालयाच्या तळघरात, शवागारात कामाला होते. दोन वर्षांपासून तीही तिथेच होती. नातेवाईक शेवटचं बघायला येण्याआधी मेलेल्या माणसाचा चेहरा पुसायचा, केस विंचरायचे, शर्टाचं वरचं बटण लावायचं, हे तिचं काम. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "रुग्णालयात असते. रजिस्टर बघते." रजिस्टरही ती बघत होतीच, म्हणजे खोटं अर्धंच होतं. पण अर्धं खोटंही रोज सांभाळावं लागतं.

दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता वाचनालयात सात-आठ तरुण मुलं-मुली जमायची. ग्रंथपाल बाई एक विषय द्यायच्या. प्रत्येकाने घरून एक पान लिहून आणायचं, नाव न घालता, आणि घडी करून बिस्किटाच्या डब्यात टाकायचं. मग ज्याच्या हाती जे पान येईल, ते त्याने मोठ्याने वाचायचं. लिहिणाऱ्याचं नाव कुणी विचारायचं नाही. एवढाच नियम. घरी एका आवाजात आणि बाहेर दुसऱ्याच आवाजात बोलणारी मुलगी, वडिलांच्या दुकानात बसायला नको म्हणणारा मुलगा, असं किती काय त्या डब्यातून निघालं होतं. भिंतीचं काम लांबलं, तसा पेंटरही त्या गोलात येऊन बसू लागला.

वाचन संपलं की तो तिला थांबवायचा. "निळे, जरा दोरा धर ना."

सरळ रेघ आखायला खडूच्या भुकटीत घोळवलेला लांब दोरा असे. एक टोक त्याच्याकडे, दुसरं तिच्याकडे. मध्ये आठ हातांचं अंतर.

"ताण! अजून ताण. किती घाबरतेस त्या दोऱ्याला!"

"तुटला तर?"

"तुटला तर गाठ मारू. पेंटर आहे, राजा नाही. गाठीचा दोरा चालतो मला."

तो मधोमध चिमटीत धरून दोरा सोडायचा. टण्‌! भिंतीवर पांढरी रेघ उमटायची आणि निळीच्या छातीतही काहीतरी वाजायचं. आठ हातांवरून तिला त्याच्याशी बोलता यायचं, हसता यायचं. आठ हातांवर भीती नव्हती.

एके दिवशी दोरा गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "उद्या सकाळी... चहा घेऊ या का कुठेतरी? दोऱ्याशिवाय?"

"बघते," एवढंच म्हणून ती चालू लागली.

चहाला ती गेली नाही. रात्री जेवताना तिच्याकडून सगळं ऐकून बाबा म्हणाले, "सांगून टाक त्याला. पळणारा असेल तर आत्ताच पळू दे. आपलं सहा महिन्यांचं झुरणं वाचेल."

"तुम्हाला काय जातंय बोलायला!"

"मला? अगं, तुझ्या आईला मी सांगितलं, तेव्हा माझा घसा इतका सुकला होता की तिने आधी पाणी दिलं, मग ऐकलं."

पुढच्या शनिवारचा विषय होता, 'लोकांना माहीत नसलेला मी'. निळीने डाव्या हाताने पान लिहिलं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. तिचा बेत साधा होता. पान कुणीतरी दुसरं वाचेल. ती फक्त पेंटरचं तोंड बघेल. त्याने तोंड वाकडं केलं तर पुन्हा इकडे फिरकायचंच नाही.

डबा फिरला. आणि डाव्या हाताने लिहिलेलं ते पान पेंटरच्याच हातात गेलं.

तिला उठून पळावंसं वाटलं.

"'आमच्या घरात,'" तो वाचू लागला, "'मेलेल्या माणसांचे केस विंचरण्याचं काम आहे...'" आणि थांबला.

"ई!" गटातला एक मुलगा ओरडला. सतत वाद घालायचा, म्हणून सगळे त्याला वकील म्हणत. "आपल्यातलंच कुणीतरी? आणि आपण एकाच बशीतली बिस्किटं खातोय?" त्याने बशी लांब सरकवली.

"वाच पुढे," बाई म्हणाल्या.

पेंटर पुढे वाचू लागला. "'नातेवाईक आम्हाला फोटो देतात. फोटोतला माणूस आपल्याकडे तोंड करून असतो, आणि आम्ही उभे असतो टेबलावर झोपवलेल्या त्याच्या डोक्यामागे. घाईत फोटोत दिसतो तसाच, डावीकडचा डावीकडे भांग पाडला, की तो उलट्या बाजूला पडतो. रडणाऱ्या माणसांच्या ते लक्षात येत नाही. आमच्या मात्र लक्षात राहतं. मागच्या हिवाळ्यात एका आजोबांचा असा चुकला. त्यांची माफी कुणाकडे मागायची?'"

त्याने पानाची घडी करून मांडीवर ठेवली. निळी आपल्या मनगटाकडे बघत बसली.

"कोण आहे, कळायलाच पाहिजे," वकील म्हणाला.

"मागच्या हिवाळ्यात माझे आजोबा गेले," पेंटर एकदम म्हणाला. "पानातले आजोबा तेच की आणखी कुणी, देव जाणे. पण त्यांचा भांग उलटा होता. सकाळपासून आजीच्या तोंडून शब्द नव्हता. ती वाकली, बघितलं, आणि म्हणाली, 'पन्नास वर्षं सांगत होते, भांग दुसरीकडे पाडा, बरे दिसाल. शेवटी ऐकलंत!' आधी हसली... आणि मग कुठे रडली. मला वाटायचं, तिथलं सगळं आपोआप होतं. तिथे कुणाचे तरी हात असतील, हे मनातच आलं नाही."

"ते सगळं ठीक आहे. पण कोण?"

नियम तिच्या बाजूने होता. गप्प बसली असती तर कुणाला कधीच कळलं नसतं. तिचा घसा सुकला. पाणी द्यायला कुणी नव्हतं.

"मी," ती म्हणाली. "ते... माझं पान आहे."

कुणाची तरी खुर्ची करकरली. वकिलाने बशीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पेंटरच्या तोंडाकडे बघायचा तिचा सगळा बेत होता, पण तेवढंच तिच्याने होईना. ती उठली आणि बाहेर आली.

भिंतीवरची अक्षरं अर्धी रंगली होती. मागून पावलं वाजली. ती वळली नाही.

"खोटं नाही सांगत," तो लांबूनच म्हणाला. "पहिल्या ओळीला माझंही अंग शहारलं."

"मग जा ना."

"दोरा इथेच राहिलाय माझा."

ती वळली. आठ हातांवर तो उभा होता. एक टोक त्याच्या मुठीत, दुसरं त्याने तिच्याकडे टाकलेलं.

"भीती वाटते?" त्याने विचारलं.

"हो."

"मलाही. तू धरतेस की नाही, याची."

तिने टोक उचललं. या वेळी ताणलं मात्र नाही. बोटाभोवती एक वेढा घेतला आणि एक पाऊल पुढे आली. आणखी एक वेढा... आणखी एक पाऊल. बोटं खडूने पांढरी होत गेली. सात हात, पाच हात, दोन. ती गुंडाळत राहिली.

दोरा संपला, तेव्हा तिच्या बोटांना त्याची बोटं लागली. ती श्वास रोखून बघत राहिली, तो हात पुसतो का.

त्याने हात पुसला नाही. उलट मान खाली वाकवली.

"आता जरा बघ ना," तो म्हणाला, "माझा भांग तरी बरोबर बाजूला आहे का..."