गारगोटीची चव

निफाडच्या बागा उन्हानं जळून गेल्या, तेव्हा तिथल्या द्राक्षवाल्यांनी जे केलं ते त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं. चार दिवस त्यांनी हवामानाला शिव्या घातल्या, पाचव्या दिवशी वेलींच्या कांड्या ओल्या पोत्यात गुंडाळल्या आणि थंडीचा माग काढत ते निघाले. थंडी त्यांना हिमालयातल्या एका अरुंद दरीत सापडली. बकरीसुद्धा विचार करून पाय टाकेल अशा उतारावर त्यांनी वेली लावल्या, पायथ्याला नदीकाठी घरं बांधली आणि गावाचं नाव ठेवलं वरचं निफाड. आता तिथे तिसरी पिढी नांदत होती. मुलांना बर्फाचं अप्रूप नव्हतं, पण शेंगदाण्याची चटणी आणि भांडणं अजून नाशिक जिल्ह्यातलीच होती.

एवढा उभा उतार कशासाठी, असं पाहुणे विचारत. कारण साधं आहे. उत्तरेकडच्या मुलखात सूर्य फार वर चढत नाही, तिरपा येतो. सपाट रानावर त्याचं ऊन सांडून जातं, पण उभ्या उतारावर ते सरळ पडतं. तिथला दगड शाळेतल्या पाटीसारखा काळा, पापुद्र्यापापुद्र्यांचा. तो दिवसभर ऊन पितो आणि नंतर हळूहळू सोडतो. ऊन कललं की डोंगरमाथ्याची थंड हवा उतारावरून ओघळत खाली गावात येते. अशा ऊनथंडीच्या ओढाताणीत द्राक्ष सावकाश पिकतं, गोडी भरते तरी आंबटपणा टिकून राहतो. माती जेमतेम वीतभर असल्यामुळे मुळं पाण्याच्या शोधात दगडाच्या फटींतून खोल, फार खोल जातात.

पण वरच्या निफाडची पांढरी वाइन जगभर गाजली ती आणखी एका चवीमुळे. लहानपणी दोन गारगोट्या एकमेकींवर घासून ठिणगी पाडली, की नाकाला जो जळकट, स्वच्छ वास येतो, तो या वाइनच्या घोटाच्या शेवटी यायचा. गाववाले त्याला नुसतंच 'गारगोटी' म्हणत. यंदाच्या वाइनमध्ये गारगोटी आहे की नाही आणि किती आहे, हे ठरवण्याचा मान सुमित्रा बोरस्तेंचा. त्यांच्या जिभेपुढे गावात कुणाचं काही चालत नसे.

गावाचा आणखी एक रिवाज होता, मातीचढण. वर्षभरात उतारावरची माती आणि दगडांचे कपचे घसरून पायथ्याला साचत. हिवाळ्यात घरटी एक जण पाठीवर टोपली बांधून ते पुन्हा माथ्यावर नेऊन टाकी. हलगी वाजे, चेष्टामस्करी चाले. घसरेल त्याहून जास्तच चढवायची, अशी ईर्षा असे. माती कमी पडली तर पायथा खणून काढत. एक गाव गमावलेल्या माणसांना मूठभर मातीसुद्धा खाली जाऊ द्यायची नव्हती, आणि त्यात त्यांचं काय चुकलं?

काय चुकलं ते सांगायला दोन वर्षांपूर्वी पुण्याहून डॉ. निरंजन देवकुळे आले. वेलींच्या अंतरंगाचा अभ्यास हे त्यांचं काम. महिनाभर बागेत आणि तळघरात घालवून ते सुमित्राबाईंच्या ओट्यावर येऊन बसले.

"काकू, तुमची वेल घाबरलेली आहे."

"वेल कशाला घाबरंल, डॉक्टर? रोग पडलाय का?"

"रोग नाही. हिची मुळं कशी आहेत बघा. टोक एका पापुद्र्यात, बुंधा दुसऱ्यात. आणि हे पापुद्रे एकमेकांवरून सरकताहेत. वर्षाला नखभर, पण सरकताहेत. मूळ ताणलं जातं, आणि ताणलेली वेल एक द्रव्य तयार करते. मी त्याला ताणगंध म्हणतो. ते द्राक्षात उतरतं. तीच तुमची गारगोटी."

सुमित्राबाई हसल्या. "म्हंजी जगानं वाखाणलं ते आमच्या वेलीचं रडणं व्हय?"

"हसू नका, काकू. गारगोटी वाढते याचा अर्थ डोंगराचं सरकणं वाढतंय. मुळं जिथे पोचलीत तिथे माझं एकही यंत्र पोचत नाही. आतली खबर देणारी फक्त ही वाइन आहे." ते उताराकडे वळले. "आणि तुमची मातीचढण. गाडी उतारावर उभी आहे, आणि तुम्ही चाकाखालचा दगड काढून टपावर ठेवताय."

सुमित्राबाईंचं हसू मावळलं. गारगोटी दर वर्षी चढत चालली होती, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

गेल्या वर्षी ती इतकी चढली की पहिल्या घोटाला त्यांच्या अंगावर काटा आला. जगानं ती वाइन डोक्यावर घेतली. डॉक्टर मात्र धावत आले आणि गाव नदीपलीकडच्या कुरणावर हलवा म्हणून सभेत अक्षरशः हात जोडले.

गावच्या द्राक्ष सोसायटीचे अध्यक्ष बाळासाहेब कडलग म्हणाले, "डॉक्टर, आज्यापासनं माती चढवतोय आम्ही. एकदा गाव सोडलंय. आता पुन्हा सोडायचं, ते पण वाइन चांगली झाली म्हणून?"

हशा पिकला. सुमित्राबाई उठल्या. त्यांना डॉक्टरांचं पटत होतं आणि गावही सोडवत नव्हतं. टोपलीवाल्यांच्या रांगेत सगळ्यात पुढे त्यांचीच केतकी असायची. एकुलती एक लेक, वाऱ्यासारखी चढणारी. तिच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "एक वरीस द्या. पुढल्या खेपेला गारगोटी याच्याहून चढली, तर मी सोता गाव हलवीन. पर उतरली, तर डोंगर निवला म्हणायचं. माझ्या जिभंवर तर इश्वास हाय ना?"

तो सगळ्यांचाच होता. डॉक्टरांनाही याहून जास्त काही पदरात पडलं नाही.

आणि यंदा, नवी वाइन चाखायच्या दिवशी, सुमित्राबाईंनी पेला ओठाला लावला. लिंबाची साल आली, हिरवं सफरचंद आलं, जिभेच्या कडांना थंड शिरशिरी आली. मग काहीच आलं नाही. त्यांनी दुसरं पिंप उघडायला लावलं, मग तिसरं. गारगोटी नव्हती. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आयुष्यभराची सोबतीण गेल्याचं दुःख होतं त्यात, पण त्याहून मोठं सुख होतं. वर्षभर त्या केतकीला डोंगर चढताना बघून मनातल्या मनात मरत होत्या.

"गेली," त्या म्हणाल्या. "डोंगर निवला रे बाबांनो!"

बाळासाहेबांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. धोका टळला, आता वाइनला चव परत आणायची; चव मातीतूनच येते, ही त्यांची जुनी समजूत. यंदाची मातीचढण मोठी होणार. घरटी एक नव्हे, चालतं-फिरतं प्रत्येक माणूस टोपली घेणार. गाव वर्षभराच्या भीतीतून सुटलं होतं. उत्साहाला नुसतं उधाण आलं.

नमुने न्यायला डॉक्टर मातीचढणीच्या दिवशी येणारच होते. सुमित्राबाईंनी त्यांना फोनवर बातमी दिली नाही. एवढ्या शिकलेल्या माणसाचा चेहरा ती ऐकून कसा होतो, ते त्यांना समोर बसून बघायचं होतं.

डॉक्टर दुपार कलताना पोचले. गाव रिकामं होतं, वरून हलगी ऐकू येत होती. तळघरात सुमित्राबाईंनी हसत हसत त्यांच्या हातात पेला दिला. डॉक्टरांनी घोट घेतला, थांबले, पुन्हा घेतला.

"नाही ना?" सुमित्राबाई म्हणाल्या. "उतरली. पार गेली."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "हळूहळू गेली, की एकदम?"

"एकदम. पर ते चांगलंच की! ताण गेला म्हंजी..."

"काकू, एका वर्षात डोंगर निवत नाही." त्यांचा आवाज खाली गेला. "ताण दोन कारणांनी नसतो. कुणी ओढत नसलं की नसतो, आणि दोरी तुटली की नसतो. मुळं तुटलीत. आतापर्यंत त्या लाखो मुळांनीच पापुद्रे शिवून धरले होते. आता डोंगर नुसता टेकून उभा आहे. सगळे कुठे आहेत?"

 सुमित्राबाईंनी छताकडे, म्हणजे डोंगराकडे, बोट केलं. मग पुटपुटल्या, "मी 'निवला' म्हणले, म्हणून गेले. माझ्या शब्दावर गेले."

दोघं बाहेर धावले. उतारावर खालपासून माथ्यापर्यंत माणसांची रांग लागली होती, म्हातारी माणसंसुद्धा हातातल्या काठीला धरून चढत होती. माथ्यावर ताज्या मातीचा ढीग काळाभोर दिसत होता. त्याच्या शेजारी लाल स्वेटर घातलेली केतकी उभी होती. आईला बघून तिनं दोन्ही हात हलवले.

"हलगी थांबवायला सांगा," डॉक्टर म्हणाले. "पण धावू देऊ नका कुणाला. एकेक करून, बाजूच्या कडेनं उतरू दे. सावकाश."

सुमित्राबाईंनी तोंडाभोवती हात धरले आणि श्वास भरून घेतला.

त्याच वेळी ऊन कललं. नेहमीसारखी माथ्यावरची थंड हवा वेलींमधून ओघळत खाली आली, त्यांच्या चेहऱ्यावर आली. भरून घेतलेला श्वास त्यांच्या छातीतच अडकला. तो वास त्यांनी हजारांत ओळखला असता. जळकट, स्वच्छ, दगडावर दगड घासल्याचा.

हातात पेला नव्हता. वास डोंगरातून येत होता.