चौकोनाबाहेरची टाच

तिने हो म्हटलं.

आता हे वाक्य विसरून जा. असं काही घडलेलं नाही. तिने काही म्हटलेलं नाही, आणि ज्याला म्हटलेलं नाही तो त्या वेळी एका जखमी माणसाचा हात धरून कोऱ्या चेहऱ्याने उभा होता. गोष्ट याच्या बरीच आधी सुरू होते.

अपघात विभागात, जिथे गंभीर जखमींना सगळ्यात आधी आणतात त्या खोलीच्या कोपऱ्यात, पिवळ्या चिकटपट्टीने जमिनीवर एक चौकोन आखला होता. त्यात एक माणूस मावायचा, त्याने श्वास जपून घेतला तर. तो माणूस म्हणजे ती, संशोधन सहायक. कोणी जखमी आला की त्याच्याभोवती काय काय चालतं ते पाहायचं आणि लिहायचं. बोलायचं नाही, मदत करायची नाही, चौकोनाबाहेर यायचं नाही. लहानपणापासून आई म्हणत आली होती, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे. त्या पोरीला नोकरी मिळाली ती एका जागी उभं राहायची!

पहिल्याच दिवशी दार धाडकन उघडलं. स्ट्रेचर ओढत उलट्या पावली येणारा एक नर्स तिच्यापाशी थबकला आणि मागे न बघताच म्हणाला,

"पाय आत घ्या."

"आतच आहे."

"टाच बाहेर आहे."

होती. तिने ती आत घेतली. पण मागे न बघता याला टाच दिसली कशी, हे कोडं तिच्या डोक्यात जे घुसलं ते तिथेच मुक्कामाला राहिलं.

त्याला सगळे 'ब्रदर' म्हणायचे. पुरुष नर्सला म्हणतातच तसं. तिनेही म्हटलं, एकदाच. मग जिभेला कसंतरीच झालं, म्हणून ती 'अहो'वर भागवू लागली, आणि प्रकरण आणखीच बिघडलं.

अभ्यास मॅडमचा होता. मॅडम म्हणजे विभागाच्या मुख्य सर्जन. हात विजेसारखे, बोलणं तारेसारखं मोजकं. इकडे जखमा बांधणं, रक्त चढवणं चालू असताना एका माणसाने जखमीच्या कानाशी नुसतं बोलत राहिलं, तर त्याची भीती कमी होते का, हे त्यांना शोधायचं होतं. प्रत्येक जखमीसाठी एक बंद पाकीट उघडायचं. 'बोला' निघालं तर ब्रदरने बोलायचं, 'गप्प' निघालं तर नुसता हात धरायचा. काय बोलायचं तेही छापील. ते तिनेच लिहिलं होतं: "तुम्ही रुग्णालयात आहात. तुमच्यावर उपचार चालू आहेत. मी इथेच आहे." संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

चौकोनातून त्यातलं अक्षरही ऐकू यायचं नाही. यंत्रांची टिकटिक, कपडे कापणारी कात्री, मॅडमचं "पिशवी! दुसरी पिशवी!"... तिला दिसायची फक्त त्याची वाकलेली मान आणि हलणारे ओठ. आणि मधेच — अगदी क्षणभर — तिच्यापर्यंत येऊन परत गेलेली नजर. मग ती या पायावरून त्या पायावर. त्या पायावरून परत यावर. पेनचं टोक दाताखाली. 'बोलणे चालू,' ती लिहायची. तिच्या स्वतःच्या छातीत जे चालू होतं, त्याला रकाना नव्हता.

बाहेरच्या बोळात कॉफीचं मशीन होतं. कोणतंही बटण दाबा, टोमॅटो सूप यायचं.

"इतका वेळ काय बोलता हो त्यांच्याशी?" तिने एकदा विचारलंच.

"छापील."

"ते तीन ओळींचं आहे."

"सावकाश वाचतो."

"ओठ तर भराभरा हलतात."

"ओठ बघता वाटतं?"

तिने सूपचा भलामोठा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली. "माझं कामच आहे बघणं."

"माझं नाहीये," तो म्हणाला. "तरीसुद्धा मी —"

सायरन. दोघंही कप टोपलीत टाकून पळाले. त्यांची निम्मी वाक्यं त्या टोपलीतच जायची.

बरे होऊन घरी गेलेले लोक तपासणीला परत आले, की त्यांची मुलाखत घ्यायचं कामही तिचंच होतं. पहिले आले ते रंगारी काका. परांचीवरून पडले होते, आता काठी टेकत चालत होते.

"काका, त्या वेळचं काय आठवतं?"

"आठवतं ना. ती चौकोनातली."

"कोण?"

"एक मुलगी असते म्हणे कोपऱ्यात. तिला हलायची बंदी, आणि ती घटकाभर स्वस्थ उभी राहील तर शपथ! माझ्या मानेला पट्टा, मला काही दिसेना. हा ब्रदरच आपला कानाशी सांगतोय. आज हिरवा स्वेटर घातलाय... पेन चावतेय... माझ्याकडे बघितलं... नाही, घड्याळाकडे बघितलं..." काका पुढे सरसावले. "उद्या विचारतोच तिला, म्हणाला. माझे डोळे मिटत होते हो. म्हटलं, आता कसले मिटता! विचारलं का त्याने?"

ती हिरव्या स्वेटरमध्येच बसली होती.

"मला कल्पना नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

दुपारी सायकलवरून उडालेली एक कॉलेजची मुलगी आली. खुर्चीत बसायच्या आधीच त्या मुलीने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "अय्या, तुम्हीच का त्या? ताई, त्याच्याच्याने काही होणार नाही. तुम्हीच विचारून टाका."

तिला राग आला. सडकून आला. आणि त्या रागाच्या पाठोपाठ काहीतरी दुसरंच, बोलावणं नसताना, नाचत नाचत आत शिरलं. राग आणि ते दुसरं, दोघांनाही तसंच धरून तिने बोळात ब्रदरला गाठलं.

"छापील मजकूर कुठे गेला?"

त्याने मान खाली घातली. "तो एका श्वासात संपतो. माणूस त्यानंतरही शिल्लक असतो हो. त्याला मग काय सांगू? छताला दिवा आहे म्हणून?"

"नोंदी बाद होतील! माझी सगळी मेहनत —"

"माहीत आहे."

"आणि प्रत्येकाला काय, तर उद्या विचारतो, उद्या विचारतो! एकदा तरी विचारलंत?"

"विचारलं असतं तर गोष्ट संपली असती. मग त्यांना जागं कशाने ठेवायचं?" त्याचे कान लाल झाले. "आणि घाबरत होतो. खरं कारण तेच."

ती पुढे काहीतरी लागट बोलणार होती. पण मनात भलतंच आलं.

"आणि... जे परत आले नाहीत? त्यांना?"

त्याने कप दोन्ही हातांत धरला.

"त्यांना अर्धवट नाही ठेवलं. हात सैल पडायला लागला की कळतं आम्हाला. मग शेवट सांगायचो. विचारलं तिला... ती हो म्हणाली."

मशीन घरघरलं आणि कोणी काही न दाबता एक सूप देऊन मोकळं झालं.

"मला न विचारता?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"हो."

"काय म्हणायचे ते?"

"बोलता कुठे यायचं त्यांना. एक आजी हसल्या. म्हणजे... मला तसं वाटलं."

ती तिथून निघाली ती थेट मॅडमच्या खोलीत, आणि काही हातचं न राखता सगळं सांगून टाकलं. मॅडमनी ऐकून घेतलं.

"नोंदी बाद. पुन्हा पहिल्यापासून."

"हो मॅडम."

"नियम माहीत आहे ना? ज्याचं निरीक्षण करायचं त्याच्याशी निरीक्षकाचं नातं नको. आहे का?"

"अजून नाही."

"अजून," मॅडम म्हणाल्या. "मग ठरव. चौकोन किंवा तो."

चौकोन म्हणजे नोकरी. ज्या कामासाठी ती इतके दिवस पायातली भिंगरी दाबून उभी राहिली, ते काम. ठरवायला जरा वेळ द्या, असं ती म्हणणार तोच सायरन.

स्ट्रेचर पावसात भिजून आलं. त्यावर एक पोस्टमन होता, मोटारसायकलवरून फेकला गेलेला, ओठ पांढरे पडलेले. पाकीट उघडलं: 'बोला'. ब्रदर वाकला. ती चौकोनात उभी राहिली आणि आज पहिल्यांदाच तिला त्याचे ओठ वाचता आले. तुम्ही रुग्णालयात आहात. तुमच्यावर उपचार चालू आहेत. मी इथेच आहे. पुन्हा तेच, अक्षर न चुकता. तिच्या नोंदींसाठी. एकदाही वर न बघता.

पोस्टमनचे डोळे मिटत चालले होते.

"जागा ठेव त्याला!" मॅडम ओरडल्या.

तुम्ही रुग्णालयात आहात...

तिने डावा पाय उचलला आणि टाच चौकोनाबाहेर ठेवली. अगदी सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी.

त्याची नजर पोस्टमनच्या चेहऱ्यावरच होती. तरीही त्याचे ओठ थांबले. त्याला कसं कळायचं, ते कोडं आजही सुटलेलं नाही.

"पाय आत घ्या," तो मोठ्याने म्हणाला.

"नाही घेत."

"म्हणजे?"

"म्हणजे हो."

कोणाचाच हात थांबला नाही. कात्री चालत राहिली, पिशवी टांगली गेली. तो पोस्टमनच्या कानाशी वाकला आणि भराभरा काहीतरी सांगत सुटला. पोस्टमनने एक डोळा कसाबसा उघडला.

"मग?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"सांग त्याला पुढचं," मॅडम मान वर न करता म्हणाल्या. "नाहीतरी नोंदी बादच आहेत."

पोस्टमन वाचला. वाचला तो मॅडमच्या हातांनी आणि टांगलेल्या पिशव्यांनी, याबद्दल कोणाचंच दुमत नाही. पण नव्या अभ्यासात मॅडमनी छापील मजकूर बदलला. आता त्यात एक चौकोन आहे, एक अस्वस्थ मुलगी आहे, आणि उद्या विचारतो म्हणणारा एक माणूस आहे. शेवट तेवढा कोणालाही कळता कामा नये. म्हणून सुरुवातीलाच सांगितलं, असं काही घडलेलं नाही. आणि म्हणूनच तिने, या पायावरून त्या पायावर होत, हा अर्ज पाठवला आहे:

"प्रति, संशोधन नैतिकता समिती. विषय: होकार प्रलंबित ठेवण्याबाबत. महोदय, सदर निरीक्षिकेने सदर परिचारकास दिलेला होकार अभ्यास पूर्ण होईपर्यंत दिलेलाच नाही असे समजण्यात यावे. तोवर उभयतांस कामाच्या वेळेत एकमेकांस अनोळखी मानून निरीक्षिकेस आहे त्या जागी उभे राहू द्यावे. यापूर्वी ज्यांना हा होकार कळवण्यात आला व जे आता हयात नाहीत, त्यांच्यापुरता तो त्या त्या दिवसापासून ग्राह्य धरावा. आणि पिवळा चौकोन डाव्या बाजूने एका टाचेपुरता वाढवून मिळावा, ही नम्र विनंती."