उंदीरखाऊ नि माकडखाऊ

बसा असे सावलीला. चहा होतोय, तोवर एक गोष्ट सांगतो... प्रेमाचीच आहे, लाजू नका. आणि ऐकीव नाही हो, जीप मीच चालवत होतो.

लुआंग्वा नदीकाठच्या आमच्या जंगलात पाहुणे येतात ते हत्ती-बिबटे बघायला. दुपारी जंगल पेंगायला लागलं की आम्ही त्यांना फाटकाबाहेरच्या पाड्यावर नेतो. नाच बघा, मका कांडा, मडकी घडवा. यंदा जूनमध्ये आमचा वाटाड्या लिंबानी जेरे असाच पाहुण्यांना पायी घेऊन निघालेला. मी मागून जीप हाकतोय. वाटेतल्या चिंचेवरून आवाज आला, "अहो... गेला का तो?"

बघतो तर वर एक पोरगी! हात कोपरापर्यंत मातीनं माखलेले, पायांनी फांदी आवळलेली. खाली हत्तीचं शेण, अजून वाफाळतंय.

"सोंडवाला? तो कधीच गेला," लिंबानी म्हणाला. "उतर. कुठली गं तू?"

"कसामाची. कसोंदे नाव. आत्याकडे आलेय, मडकी करायला."

"कसामाची? म्हणजे बेंबा!" लिंबानीनं टोपी मागे सारली आणि पाहुण्यांकडे वळला. "मंडळी, फोटो काढून घ्या! ही माकडं खाणारी जमात. खाऊन खाऊन आता झाडावरच राहायला लागलीय!"

ती कसली ऐकते! वरूनच म्हणाली, "आणि तू न्गोनी दिसतोस! जपून चाल हो — गवतात उंदीर दिसला, तर पाहुण्यांना सोडून जेवायला बसशील!"

पाहुणे बिचारे घाबरले, भांडण जुंपलं म्हणून. भांडण कसलं! पणजोबांच्या काळात बेंबा नि न्गोनी या दोन जमाती एकमेकांच्या जिवावर उठल्या होत्या. लढून लढून दमल्या, तेव्हापासून फक्त थट्टा. वाट्टेल ते बोला, समोरच्यानं रागवायचं नाही. रागावला तर त्याचीच अब्रू गेली.

तिला उतरवायला लिंबानीनं हात दिला. ती जमिनीवर आली, तरी हात सुटायला... अंमळ वेळच लागला.

मग रोजचंच झालं. लिंबानी पाहुण्यांना सांगायचा, "ही माझी बायको. मडकी कच्ची, स्वयंपाक त्याहून कच्चा." ती म्हणायची, "ह्याच्या घरी मांजर उपाशी मरतं, सगळे उंदीर हाच खातो!" काम संपलं की तो वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यातून तिच्या हातांवर पाणी ओतायचा. हळू... फार हळू. माती कधीच निघून गेलेली असायची. तरी ती हात चोळतच राहायची.

पण मनातून तिला घोर लागलेला. 'बायको' हा शब्द त्याच्या जिभेवर रोजचाच, पण थट्टेतला. खरं मानून 'हो' म्हणावं, आणि हा हसला तर? नदीतले पाणघोडेसुद्धा खिदळतील.

ऑक्टोबर सरत आला. आमच्याकडे पाऊस आता लागतो, रस्ते बुडतात, मग सगळे आपापल्या गावी. त्यातच तिच्या बापाचा निरोप आला — शाळामास्तराचं स्थळ आलंय, ये आणि काय ते सांग. शनिवारची बस ठरली.

गुरुवारी पाणी ओतता ओतता लिंबानी म्हणाला, "कसोंदे... माझी बायको होतेस?"

तिनं मान वर केली. त्याच्या ओठावर थट्टेच्या वेळचं तेच वाकडं हसू. भीतीनं आलं होतं ते, पण तिला काय ठाऊक?

"रोज तर असते!" ती म्हणाली. "आज काय, उंदीर कमी पडले वाटतं?"

त्यानं भोपळा खाली ठेवला आणि निघून गेला. शुक्रवारी फिरकलाच नाही.

शनिवारी बसथांब्यावर आत्या आणि ती. आत्या मोठी फटकळ बाई. लिंबानी येताना दिसला, इस्त्रीचा सदरा, टोपी हातात. आत्या ओरडली, "आला गं उंदीरखाऊ! ये, आम्हा बेंबांचे भाजलेले सुरवंट घे, माणसाचं खाणं खा जरा!"

तो चार हात लांब उकिडवा बसला. मान खाली. तळवे जुळवून हलकेच टाळी वाजवली, थोरांपुढे वाजवतात तशी.

"प्रवास सुखाचा होवो, आत्याबाई."

"काय रे, बरं नाही का? रोज म्हणतोस, माझ्या नाकात पाणघोडा मावेल. आज नाक लहान झालं?"

"मोठ्यांना असं बोलू नये, आत्याबाई."

कसोंदे पुढे झाली. "रागावलास? मग बोल ना मला! माकडखाऊ म्हण... काहीही म्हण. असा परका नको होऊस रे!"

आत्यानं पानात बांधलेले सुरवंट पुढे केले. "घे म्हणते ना!"

"तुमच्यासमोर कसा खाऊ, आत्याबाई..."

आत्याचा हात तिथंच थांबला. मुलीच्या वडीलधाऱ्यांपुढे खायचं नाही, नजर वर करायची नाही, थट्टेचं तर नावच नको... असं आमच्याकडे कोण वागतं?

"अगं बाई!" आत्यानं कपाळावर हात मारला. "कसोंदे, हा माझा जावई होऊन बसलाय!"

"लिंबानी... गुरुवारी तू—"

"खरंच विचारलं होतं." त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "पण माझ्या खऱ्यावर विश्वास कोण ठेवणार? म्हटलं, थट्टाच सोडावी."

"दोन रात्री रडवलंस, मेल्या!" ती रडता रडता हसत होती. छातीवरचा धोंडा उतरावा तशी. "हो! हो म्हणतेय ना! मास्तराला नाही, तुला हो. घरी जाऊन तेच सांगते."

बसवाल्यानं भोंगा वाजवला. आत्या म्हणाली, "थांब रे! इथं लग्न जमतंय!" आणि बस थांबली, खरंच सांगतो.

आता राहिलं एवढंच. आमच्यात मुलानं स्वतः मुलीच्या घरी मागणी घालायची नसते. मध्यस्थ जातो, पांढरे मणी ठेवून वर झाकण घातलेली ताटली पुढे ठेवतो. मुलीकडच्यांनी झाकण काढलं की जमलं; तोवर मध्यस्थानं थट्टेचा चकार शब्द काढायचा नाही. सोमवारी मीच निघालोय कसामाला. पण मीही न्गोनीच ना! खोलीभर बेंबा समोर बसलेले, आणि मी अख्खा दिवस तोंड मिटून? कसं जमायचं? तुम्ही चला की माझ्याबरोबर. शेजारी बसा, आणि माझं तोंड उघडतंय असं दिसलं ना, की पायावर पाय द्या... जोरात.